लग्नाचा बार ज्यांच्या हातात असतो त्या काका-मामा-दाजींना खुलं पत्र

नाशिकमधल्या सगळ्या लग्नघरांतल्या काकांनो, मामांनो, दाजींनो, आणि लॉन्सच्या मालकांनो पण,

नमस्कार.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी भेटलोय. तुम्हाला माझा चेहरा आठवणार नाही, कारण काउंटरमागे काळा शर्ट घालून उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही, ग्लासाकडे बघतात. अकरा वर्षं झाली मला ह्या लाईनमध्ये, आधी त्र्यंबक रोडच्या एका हॉटेलात वेटर होतो, मग बारमागे गेलो, आता हाताखाली सहा पोरं आहेत आणि सीझनला आम्ही रिसेप्शन, संगीत, हळदीच्या पार्ट्या असे बार लावतो. दारू यजमानाची, लायसन यजमानाच्या नावाचं, काउंटर, ग्लास, बर्फ, सोडा आणि वाढणारी पोरं आमची. गंगापूर रोड, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी फाटा, तिकडे दिंडोरी, पिंपळगावपर्यंत जातो.

मला एकच गोष्ट मागायचीय तुमच्याकडे. बारवर काय बंधन घालायचं ते तुम्ही ठरवा, किती वाजता बंद, कोणाला द्यायचं, काय द्यायचं, पण ते ठरवलं की तुमच्या घरातलं एक वजनदार माणूस काउंटरपाशी उभं करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की ह्याचा शब्द शेवटचा. "नाही" म्हणायचं काम आमच्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांवर सोडून तुम्ही स्टेजवर फोटोला जाऊ नका. एवढंच. पण एवढंच सांगून कोणी ऐकत नाही हे मला माहितीये, म्हणून सगळं लिहितोय.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. शहराबाहेरचं लॉन, सात-आठशे माणूस. मुलीच्या वडिलांनी बुकिंगच्या वेळीच मला नीट सांगितलं होतं, साडेदहाला बार बंद, पंचवीसच्या आतल्याला हार्ड (व्हिस्की, रम वगैरे) नाही, टेबलवर बाटली जाणार नाही. सरळ माणूस, मला बरं वाटलं. पण हे त्यांनी फक्त मला सांगितलं, घरात बाकी कोणालाच नाही, आणि मी पण विचारलं नाही की बाकीच्यांना माहितीये का. दहा चाळीसला आम्ही बर्फाचे डबे रिकामे करायला घेतले तेव्हा मुलीचे मामा आले, सोबत चार-पाच पोरं, त्यातलं एक नुकतं मिसरूड फुटलेलं. नवरीचा सख्खा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. मामा म्हणाले भर. मी म्हटलं मामा बंद झालंय, आणि ह्या दादाला तर मला देताच येणार नाही. तर म्हणाले, "घरचं पोरगं आहे, बहिणीचं लग्न आहे त्याच्या, तू कोण सांगणारा?" आवाज चढला, लोक वळून बघायला लागले. मी यजमानांना फोन लावला, ते स्टेजवर, आहेर घेत होते, फोन खिशात वाजत राहिला असणार. तेवढ्यात मामांनी माझ्या शेजारच्या पोऱ्याची कॉलर धरली. बावीस वर्षांचा आहे तो, सिडकोत राहतो, घरी आई आणि तो दोघंच. कॉलर धरून पुढे ओढला त्याला. तो घाबरला आणि त्याने ओतलं, मेजर, म्हणजे पेग मोजायचं माप, न लावता, अर्धा ग्लास. मी बघत होतो. मी तो ग्लास उचलून बादलीत ओतू शकलो असतो, नाही ओतला, एवढ्या लोकांत तमाशा नको म्हणून गप्प बसलो, ते माझं चुकलं आणि ते मी आजपण विसरलो नाहीये.

साडेअकराला ते पोरगं चुलतभावाला मागे बसवून बाईक घेऊन निघालं, पाहुण्यांसाठी पान आणायला. दोन किलोमीटरवरचा स्पीडब्रेकर दिसला नाही. खांद्याचं हाड मोडलं, पुढचे तीन दात गेले, मागे बसलेल्याच्या पायात रॉड टाकावा लागला. जीव वाचले दोघांचे.

आम्ही टेम्पोत क्रेट भरत होतो तेव्हा लॉनवर बातमी आली. घरच्या गाड्या फुलांनी सजवलेल्या, ड्रायव्हर जेवायला गेलेले, मग मीच माझ्या गाडीत दोन काकूंना घालून हॉस्पिटलला गेलो. कॅज्युअल्टीच्या बाहेर स्टीलच्या बाकावर नवरी बसली होती. रिसेप्शनचा घागरा तसाच, हिरवा चुडा तसाच, पायात चप्पल नाही, आणि मेंदीच्या दोन्ही हातांत भावाचं पाकीट आणि काच फुटलेला मोबाईल घट्ट धरलेला. सारखी एकच गोष्ट विचारत होती, "त्याला दिली कोणी?" मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. कोणीच काही बोललं नाही.

मी तुम्हाला लाज आणायला हे सांगत नाहीये. ते मामा वाईट माणूस नाहीत, भाच्यावर जीव आहे त्यांचा, त्याच दिवशी सकाळी भाचीला पाटापर्यंत आणताना रडत होते ते मी स्वतः पाहिलंय. त्यांना फक्त एवढंच माहीत नव्हतं की साडेदहाचा नियम हा बारवाल्याचा नसून त्यांच्या भावजींचा आहे. भावजींनी सांगितलं असतं तर ते काउंटरवर आलेच नसते, ह्याची मला खात्री आहे.

आता कायद्याचं थोडं सांगतो, कारण काउंटरवर उभं राहून मी सांगायला गेलो की तुम्हाला वाटतं पोरगं नाटकं करतंय.

महाराष्ट्रात दारूचा कायदा १९४९ चा आहे, मुंबई दारूबंदी कायदा म्हणून आला तो, नावातच दारूबंदी. म्हणजे कायद्याच्या नजरेत दारू मुळात बंद आहे, परवाना घेतला तर सूट. वाईन आणि माइल्ड बिअरला वय २१, हार्डला २५. लग्नात बार लावायचा तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून त्या दिवसापुरतं लायसन काढावं लागतं, आमच्यात त्याला एफएल फोर म्हणतात. पिणाऱ्याचा परवाना वेगळा, विदेशी दारूचा एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आयुष्यभराचा हजारला, आणि हा पाच रुपयांचा परवाना काढलेला पाहुणा मी अकरा वर्षांत फार थोड्या वेळा बघितलाय. एखाद्या हॉटेलला किंवा रिसॉर्टला स्वतःचं परमिट रूमचं लायसन असलं तरी ते ठरलेल्या जागेपुरतं असतं, बारमधून उचलून लॉनवर काउंटर टाकला की ते लायसन तिकडे आपोआप लागू होत नाही, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आणि ते दिवसाचं लायसन कोणाच्या नावावर असतं? बहुतेक वेळा मुलीच्या किंवा मुलाच्या बापाच्या. म्हणजे काकांनो, तुम्ही काउंटरवर येऊन एकोणीसच्या पोराला पाजायला लावता तेव्हा जो कागद माझ्या काउंटरवर चिकटवलेला असतो त्यावर तुमच्या भावाची सही असते. उद्या काही झालं तर चौकशीला तो जाणार, सूनबाई घरात येऊन दोन दिवस नाही झाले आणि सासरे उत्पादन शुल्कच्या ऑफिसात बसलेत.

ड्राय डेचं तर दरवर्षी होतं. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, आणि त्याच्या तोंडावरच कार्तिकी एकादशी, ती ड्राय डे. २६ जानेवारीला सुट्टी म्हणून लोक हौसेने रिसेप्शन ठेवतात, तोही ड्राय डे. निवडणूक लागली तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद आणि मतमोजणीच्या दिवशी बंद. हॉल बुक करताना मुहूर्त बघता तसा हा पण बघा, कारण ऐनवेळी कळतं आणि मग काहीतरी जुगाड करा म्हणून मला फोन येतो. मी करत नाही जुगाड, आणि जो करतो त्याला बोलावू नका.

जुगाडावरून आठवलं. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने दारूवरची ड्युटी वाढवली, बाटल्या महाग झाल्या, तेव्हापासून प्रत्येक दुसऱ्या लग्नात कोणीतरी येऊन सांगतं की माल आपण आणतोय, तू फक्त वाढ. मी पेटी उघडतो, बाटलीवर लिहिलेलं असतं फक्त दमणमध्ये विक्रीसाठी. पेठ, हरसूलच्या बाजूने सिलवासा जवळ पडतं आपल्याला, हे सगळ्यांना माहितीये, उत्पादन शुल्कवाल्यांना तर जास्तच माहितीये. नाहीतर देवळाली कॅम्पातून कोणाच्या तरी ओळखीने कॅन्टीनचा माल, त्यावरही स्पष्ट छापलेलं असतं की संरक्षण दलातल्या लोकांसाठी. जो फौजी स्वतःच्या कोट्यातून तुम्हाला प्रेमाने देतो त्याची नोकरी तुम्ही टांगणीला लावता. परवानाधारक दुकानातून घ्या, बिल घ्या, बिलाची झेरॉक्स मला द्या, मी लायसनच्या शेजारी ठेवतो. त्यात बजेट वाढत असेल तर कमी दारू ठेवा. खरंच कमी ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

किती कमी, ते सांगतो, कारण पेगचा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. स्मॉल पेग ३० मिली, लार्ज ६०. साडेसातशे मिलीच्या बाटलीत, म्हणजे खंब्यात, २५ स्मॉल. व्हिस्कीत अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के असतं, म्हणजे एका स्मॉलमध्ये १३ मिलीच्या आसपास निव्वळ अल्कोहोल. आता स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटली घ्या, ८ टक्के, ५२ मिली होतं. म्हणजे एक स्ट्राँग बिअर बरोबर चार स्मॉल पेग. "मी फक्त बिअर घेतली रे, गाडी मी चालवतो" म्हणणारा दोन बाटल्या पिलेला दाजी आठ पेग पिऊन स्टिअरिंगवर बसतोय. वाईनचा दीडशे मिलीचा ग्लास दीड स्मॉलच्या आसपास जातो. आणि शरीर काय करतं, तासाला साधारण एक स्मॉल पेग उतरवतं, त्यापेक्षा जास्त नाही. लिंबू पाणी, कॉफी, तोंडावर पाणी, चालून येणं, ह्याने झोप उडते, रक्तातलं अल्कोहोल उतरत नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, रिकाम्या पोटी दोन स्मॉलमध्ये बरेच जण ती ओलांडतात. पहिल्यांदा सापडलं तर दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा, रात्री गिरणारे गावाकडून किंवा दिंडोरीकडून येताना द्राक्षांच्या सीझनला दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि पिकअप असतात रस्त्यावर, ते भरपूर शुद्धीत असलेल्याला पण शेवटच्या क्षणाला दिसतात.

आता एक चांगलं लग्न सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी नुसतं रडगाणं गातोय.

पिंपळगावकडचं द्राक्षवाल्यांचं घर. मुलाकडचे माळकरी, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला चालत जाणारी माणसं, गळ्यात तुळशीची माळ. मुलीकडे मात्र पिणारे पाहुणे, मुलीचे ऑफिसचे मित्र पुण्या-मुंबईचे. असं असलं की साधारण दोनच गोष्टी होतात, एकतर बार अजिबात नाही आणि मग पार्किंगमध्ये डिक्या उघडतात, नाहीतर बार थेट जेवणाच्या शेजारी आणि मुलाचे आजोबा नाकाला उपरणं लावून बसलेले. ह्या लोकांनी काय केलं, लग्नाच्या महिनाभर आधी दोन्ही घरं बसली आणि ठरवलं. फक्त वाईन आणि माइल्ड बिअर, हार्ड नाही. साडेसात ते दहा. काउंटर लॉनच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये कनातीचा पडदा, जेवणाची आणि माळकरी मंडळींची वाट वेगळी. आणि बारची जबाबदारी मुलीच्या आत्याची.

आत्या म्हणजे पंचावन्नच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या, स्वतः थेंब न घेणाऱ्या. खुर्ची टाकून काउंटरच्या बाजूला बसल्या. मला आधी म्हणाल्या, "तू फक्त माझ्याकडे बघ, मी मान हलवली तर दे." आणि दहा वाजता बंद म्हणजे दहा वाजता बंद. दहा पाचला मोठे जावई आले, चौथा ग्लास मागायला, आवाज मोठा झालेला. मी काही बोलायच्या आत आत्या उठल्या, त्यांच्या हातातला रिकामा ग्लास घेतला, माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "जावईबापू, चला, मांडे संपत आलेत, मी ताट वाढते तुमचं." हाताला धरून घेऊन गेल्या. जावई गेले पण, मुकाट्याने, वर हसत गेले. तेच वाक्य मी बोललो असतो तर माझी कॉलर फाटली असती.

हा फरक मी तुम्हाला समजावून सांगायचा प्रयत्न करतोय. मी नाही म्हटलं की त्यात अपमान दिसतो, कारण मी पैसे घेऊन वाढणारा आहे आणि तुम्ही मानाचे पाहुणे. आत्याने नाही म्हटलं तर त्यात काळजी दिसते, हक्क दिसतो, आणि नाही म्हणताना ती दुसरं काहीतरी हातात देऊ शकते, ताट देऊ शकते, शेजारी बसवू शकते. माझ्याकडे द्यायला सोडा आहे फक्त. म्हणून माणूस घरचं पाहिजे, आणि शक्यतो न पिणारं, आणि शक्यतो असं की ज्याच्यापुढे दाजी आवाज चढवत नाही. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. बहुतेक वेळा बाईमाणूस असतं, आणि तिला विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

वाईनबद्दल थोडं बोलू द्या. आपण नाशिकचे आहोत. गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनची द्राक्षं १९९७ मध्ये लागली, पुढे २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आज बाहेरगावचे लोक शनिवार-रविवार नुसती वाईन बघायला इथे येतात. आणि आपल्या लग्नात मात्र वाईन ठेवली तर काका म्हणतात, एवढंच? एवढंच नाही काका, ते तुमच्याच तालुक्यातल्या शेतातून आलेलं आहे. फक्त वाईन ठेवलेल्या चार रिसेप्शनला मी बार लावला, एकाही ठिकाणी भांडण झालं नाही. वाईनने भांडणं होत नाहीत असं मी म्हणत नाही, पण ग्लास छोटा असतो, लोक हळू पितात, आणि स्ट्राँगच्या क्रेटवर क्रेट फुटतात तसं होत नाही. लहान गोष्ट आहे पण करून बघा.

टेबलवर बाटली ठेवू नका. हे हात जोडून सांगतो. आग्रह म्हणून खास पाहुण्यांच्या टेबलावर खंबा ठेवतात, त्या टेबलावर कोण किती प्यायलं ह्याचा कोणालाच हिशेब राहत नाही, पिणाऱ्याला पण नाही, आणि शाळेतली पोरं शेजारून जाताना झाकणात ओतून चाखतात हे मी स्वतः बघितलंय, आठवी-नववीची पोरं. मान द्यायचा असेल तर माझा एक पोरगा त्या टेबलाला वेगळा देतो, ग्लास भरून नेऊन देईल, पण मेजरने.

बंद करायची वेळ झाली की माईकवरून सांगू नका. माईकवर "बार पंधरा मिनिटांत बंद होतोय" म्हटलं की काउंटरला गर्दी होते, एकेक माणूस चार-चार ग्लास भरून घेतो आणि दहा मिनिटांत संपवतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. आम्ही काय करतो, अर्धा तास आधीपासून एका माणसाला एकच ग्लास, गरम स्टार्टर काउंटरच्या बाजूला आणायचे, पाण्याच्या बाटल्या पुढे मांडायच्या, आणि बुफेची झाकणं उघडायची. वास सुटला की माणूस वळतो. त्यासाठी जेवण वेळेत लागायला पाहिजे. साडेदहापर्यंत फोटो चालतात आणि पाहुणे उपाशी पोटी सात वाजल्यापासून चखण्यावर पितात, ह्यात पाहुण्यांची चूक कमी आहे. तसंही दहा वाजता स्पीकर बंद करावाच लागतो, नियमच आहे, मग त्याच वेळेला बार पण बंद करा, लोकांना ते पटतं.

आता मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. बार लवकर बंद केला की लोक पार्किंगमध्ये जाऊन पितात. जातात, खरंय. पण मी बघितलंय की जिथे आधीपासून सगळ्यांना माहीत असतं तिथे पाच-दहा जण जातात, जिथे अचानक बंद होतो तिथे पन्नास. आणि इथे लॉनमालकांनो, तुमचं काम येतं. तुमच्या पार्किंगला लाईट नसतात. एक म्हातारा वॉचमन शिट्टी घेऊन उभा, तो कोणाला काय सांगणार. दोन हॅलोजन लावा, दोन माणसं ठेवा, आणि गेटवर एक माणूस असा ठेवा जो झिंगलेल्याची चावी मागू शकतो आणि ज्याच्या मागे तुम्ही आणि यजमान दोघं उभे असाल. भाडं तुम्ही लाखांत घेता, हॅलोजनचं बिल त्यात येतं. यजमानांनो, वऱ्हाडासाठी बस करता तशी रात्री बारानंतर एक टेम्पो ट्रॅव्हलर ठेवा, नाशिक रोड, सिडको, पंचवटी असा फेरा मारणारी. फुलांच्या कमानीच्या खर्चात बसते ती.

आणि आमच्या पोरांबद्दल. पाचशेची नोट खिशात कोंबून "जरा मोठा भर" म्हणू नका. त्या पोराला दिवसाचे जेवढे मिळतात त्याच्या जवळ जाते ती रक्कम, मोह होतो त्याला, आणि त्याने मोठा भरला की त्याचं काम जातं, कारण मी काढतो. टीप द्यायचीच असेल तर जाताना सगळ्यांना मिळून द्या. शिवी देऊ नका. "ए" म्हणून बोलावू नका, दादा म्हणा, भाऊ म्हणा, तोही कोणाच्या तरी घरातला भाचाच आहे. वय विचारलं तर आधार दाखवा, त्यात राग यायचं काय कारण, थिएटरमध्ये दाखवताच की.

ज्या पोऱ्याची कॉलर धरली होती तो आता बारवर उभा राहत नाही. मी त्याला दोनदा विचारलं, म्हणाला दादा नको, मला पाणीपुरीच्या काउंटरला टाका. चांगला हात होता त्याचा, न सांडता दोन्ही हातांनी ओतायचा. त्या नवरीचा भाऊ बरा आहे असं ऐकलं, दात बसवलेत. तिच्या वडिलांनी नंतर मला फोन केला होता, मला वाटलं ओरडतील, ते म्हणाले, "तुला सांगितलं तसं सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं मी." आणि बराच वेळ फोनवर नुसते गप्प होते.

तर येत्या तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचे फोन सुरू झालेत. ह्या सीझनपासून मी एक गोष्ट बदललीये, पहिल्याच फोनवर विचारतो की काउंटरपाशी घरातलं कोण बसणार, नाव आणि नंबर द्या. मग त्या व्यक्तीशी मी स्वतः बोलतो, वेळ, वय, काय द्यायचं काय नाही ते ठरवतो, आणि त्यांनाच सांगतो की हे घरातल्या सगळ्या काका, मामा, दाजींना लग्नाच्या आधी तोंडी सांगा, ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. ते नाव मिळाल्याशिवाय मी ॲडव्हान्स घेत नाही. आतापर्यंत दोन पार्ट्या ह्यामुळे दुसरीकडे गेल्या, तिघांनी नाव दिलं. त्या तीनपैकी दोन आत्या आहेत आणि एक मुलाची आजी.

तुमचा,
बार काउंटरवाला, सातपूर, नाशिक